परीक्षक मामा निघाले

वीजकामाच्या त्या परीक्षेत मी नापास झालो नाही. परीक्षक माझे मामा निघाले, म्हणून मला गुणच मिळाले नाहीत. यात अडचण एकच होती, ती म्हणजे मला मामा नव्हते. आईला सख्खा, चुलत, मावस, मानलेला, कुठल्याच प्रकारचा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. चंद्र ओवाळणी घालत नाही (त्याच्या बहिणी फार!), म्हणून बाबाच गुपचूप तिच्या तबकात काहीतरी ठेवायचे. अशा घरात एका दुपारीत आख्खा मामा कसा उगवला, हे समजायला आधी आमचे बाबा समजावे लागतील.

बाबा बालाघाटला सरकारी कचेरीत बडे बाबू होते. आजोबाही तिथेच होते, आणि पणजोबा याच नोकरीपायी विदर्भातून इकडे येऊन स्थिरावलेले. बाहेर हिंदी आणि घरात मराठी, असा आमचा दुहेरी कारभार. त्यातही बालाघाटात आम्हाला 'मराठी लोग' म्हणायचे आणि नागपूरला लग्नाकार्याला गेलो की तिथले आप्त 'एमपीवाले आले' म्हणून आमच्या बोलण्यावर हसायचे. म्हणजे दोन्हीकडे आम्ही पाहुणेच. मला त्याचं काही वाटत नसे (माझी हिंदीही यथातथा आणि मराठीही यथातथा, त्यामुळे कुणावर अन्याय होत नव्हता). बाबांना मात्र ते आत कुठेतरी फार लागायचं, आणि त्यावर त्यांनी स्वतःपुरता एक इलाज शोधला होता. मराठी बोलणारा माणूस दिसला की त्याच्याशी नातं काढायचं.

सुरुवात नेहमी साधीच व्हायची. "कोठचे जी तुम्ही?" मग मूळ गाव, मग घराणं, मग आजोळ, मग बायकोचं माहेर. समोरचा माणूस बिचारा भाजी घ्यायला आलेला असायचा. परसवाड्याच्या बाजारात त्यांना एक चुलत साडू सापडला, तिरोडीच्या गाडीत आत्याच्या जावेचा नातू सापडला, आणि उकव्याच्या खाणीत नव्याने बदलून आलेल्या कंपाउंडरचं तर त्यांनी इतकं खोलवर खणलं की तो आमचा जावई निघाला. नातं सापडलं की बाबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "निघालं!" खाणीत मँगनीज लागल्यावर साहेब लोकांना इतका आनंद होत नसेल. आई म्हणायची, यांना अंदमानात सोडलं तरी तिथल्या झाडावरून यांचा एखादा मावसभाऊ खाली उतरेल.

आता माझ्याविषयी. तीन पिढ्या दौत-लेखणीवर जगलेल्या घरात मी बारावीला असे काही दिवे लावले की शेवटी खरोखरच्या दिव्यांकडे जावं लागलं. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला माझं नाव घातलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणंच मोठं असायचं. नातेवाइकांना ते 'सुधीर टेक्निकल लाइनला आहे' एवढंच सांगायचे आणि विषय हवापाण्यावर न्यायचे. दोन वर्षांत एकदाही त्यांनी माझ्या आयटीआयच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. मला वाईट वाटायचं. पण आपण वाईट वाटून घेण्याइतके हुशार नाही, असंही वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्याकडे विद्यार्थ्यांचं तांत्रिक कौशल्य संमेलन भरलं. जिल्ह्यातल्या आयटीआयची पोरं, बाहेरगावच्या कंपन्यांचे साहेब, भाषणं, हारतुरे, सगळं. पण खरी गोष्ट परीक्षेची होती. प्रत्येक ट्रेडची तिथेच प्रात्यक्षिक परीक्षा व्हायची, आणि जो पास होईल त्याला त्याच संध्याकाळी कंपनीच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळायचं. आयटीआयचा कागद सगळ्यांकडेच असायचा, तो घेऊन पोरं वर्षानुवर्षं चौकात उभी असायची. कंपनीचा शिक्का असलेल्याला मात्र नागपूरकडच्या कारखान्यात थेट बोलावणं यायचं. आणि आमच्या घरी तर घाई होती. बाबांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं. नोकरी संपली की सरकारी क्वार्टर सोडायचं होतं, आणि तीन पिढ्यांत कुणी स्वतःचं घर बांधलं नव्हतं. पुढे कुठे राहायचं, याचं उत्तर त्या एका सर्टिफिकेटात होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी आईला विचारलं, "माहा कोट इस्त्रीले दिला काय?"

"कोणाचं लगन आहे?" आईने विचारलं.

"सुध्याची परीक्षा आहे न उद्या. मी जाऊन राह्यलो."

मी तोंडातला घास तसाच धरून बसलो. बाबा तो कोट फक्त लग्नात आणि कलेक्टर आले तर घालायचे. दोन वर्षं ज्या फाटकासमोरून ते सायकलवरून मान वळवून जायचे, त्या फाटकातून ते उद्या कोट घालून येणार होते. मला इतका आनंद झाला की त्या आनंदात भात खारट झाल्याचंही कळलं नाही. (आईला कळलं होतं, ती मी बोलायची वाट पाहत होती.)

सकाळी संमेलन सुरू झालं तेव्हा बाबा पोचले नव्हते, कारण आईचा शिरा व्हायचा होता. 'पोराचं तोंड गोड करायले' म्हणून ती डबाभर शिरा करत होती. या शिऱ्याने आमचा घात केला असं मी म्हणणार नाही, पण तो वेळेवर झाला असता तर बाबांनी नियम ऐकले असते. आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी माइकवरून हिंदीत एकेक नियम वाचले. शेवटचा नियम असा होता की एखाद्या परीक्षकाचा कुणी नातेवाईक परीक्षेला बसला असेल तर त्याने तसं सांगावं. त्या विद्यार्थ्याला तो परीक्षक गुण देऊ शकणार नाही, आणि दुसरा परीक्षक नसेल तर विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी यावं. सगळा हॉल हसला. शेतकऱ्यांची, मजुरांची, चपराशांची पोरं आम्ही; आमचे कुठून आले कंपनीत साहेब नातेवाईक? मी तर सगळ्यांत मोठ्याने हसलो.

आमच्या ट्रेडचे परीक्षक एकच होते. किन्हीकर साहेब. पन्नाशीचे, उंच, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. नाव ऐकलं आणि माझ्या मनात आलं, अरे, हे मराठी दिसतात. पण तेवढ्यावरून मला पुढचं दिसायला हवं होतं, अशी अपेक्षा माझ्या बुद्धीकडून करू नये.

आम्हाला काम दिलं होतं जिन्याच्या वायरिंगचं. म्हणजे लाकडी बोर्डावर एक दिवा आणि दोन बटणं अशी जोडायची की खाली बटण दाबून दिवा लावावा, जिना चढून वर जावं आणि वरच्या बटणाने विझवावा. ऐकायला सोपं आहे. पण त्या तारा एकमेकींत अशा जातात की आमच्या वर्गातल्या एका पोराचा दिवा कुठल्याही बटणाने विझेना आणि शेवटी त्याने फुंकर मारली. माझं मात्र त्या दिवशी काहीतरी वेगळंच चाललं होतं. हात आपोआप चालत होता. तारा सरळ, क्लिपा एका ओळीत. बारा वाजायच्या आत मी बटण दाबलं आणि सगळ्या हॉलमध्ये पहिला दिवा माझा लागला. दुसऱ्या बटणाने विझला. परत लागला. परत विझला.

प्रेक्षकांसाठी दोरी बांधली होती, तिच्यापलीकडून टाळ्या वाजल्या. पाहिलं तर कोटातले बाबा. शेजारी डबा धरून आई. बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला हात दाखवून सांगत होते, "अपना लड़का है." आयुष्यात त्यांनी हे वाक्य माझ्याबद्दल कुणाला सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी दिवा आणखी दोन-चारदा उगाच लावला-विझवला.

साहेब सगळ्यांचे बोर्ड चहानंतर तपासणार होते. चहा हॉलच्या दाराशीच होता. आणि तिथे, चहाच्या टेबलाशी, बाबांनी त्यांना गाठलं.

मी कप घेऊन जवळ जाईपर्यंत काम निम्म्यावर आलं होतं. मूळ गाव आर्वीकडचं, हे झालं होतं. घराणं झालं होतं. साहेब सुरुवातीला 'हो, हो' करत चहा पीत होते, पण हळूहळू त्यांचाही कप खाली आला. बाबांच्या विचारण्यात काही लाघव होतं खरं. समोरच्याला आपलं सगळं गाव आठवायला लागायचं. माणसं उसासत, आठवत, सांगत सुटायची.

"म्हणजे तुमच्या मोठ्या आत्याले हिंगणघाटले दिलं होतं?" बाबांनी विचारलं.

"हौ. त्या आता नाहीत."

"त्यांच्या जाऊबाई, त्या मंडळी कोण?"

साहेबांनी नाव सांगितलं. आई तोवर मागे उभी राहून 'चला न आता' अशी बाबांच्या कोटाची बाही ओढत होती. ते नाव ऐकलं आणि तिने बाही सोडली. ती म्हणाली, "ती तं माह्या आईची मावसबहीण."

बाबांना मांडीवर थाप मारायची होती, पण ते उभे होते, म्हणून ती थाप चहाच्या टेबलावर पडली. "निघालं! म्हणजे तुम्ही हिचे भाऊ! सुध्याचे मामा!"

मला आजतागायत ही साखळी एका दमात सांगता येत नाही, आणि नात्याची पक्की माणसं तिला नातं म्हणतील का, याचीही शंका आहे. पण बाबांनी ती तिथल्या तिथे सगळ्या हॉलला सांगितली, मराठीत आणि मग सोयीसाठी हिंदीत. चहावाल्यालाही सांगितली. मग मला पुढे ओढलं आणि म्हणाले, "पाया पड मामाच्या." आणि मी परीक्षेला बसलेला विद्यार्थी, छातीवर नंबराची चिठ्ठी लावलेली, सगळ्या पोरांसमोर परीक्षकांच्या पाया पडलो! (नियम माझ्या कानावरून सकाळीच गेला होता. पण बाबा 'पाया पड' म्हणाले की आमच्या घरात आधी पाया पडतात, मग विचार करतात.) आईने डबा उघडून साहेबांच्या हातावर शिरा ठेवला. ती फक्त एवढंच म्हणाली, "मले भाऊ नव्हता." आणि साहेबांनी, काय वाटलं कोण जाणे, शिऱ्याचा हात कपाळाला लावला.

लांबून आमचे इन्स्ट्रक्टर सर हे बघत होते. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी तेव्हा पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तपासणी सुरू झाली. साहेब एकेक बोर्ड बघत माझ्याकडे आले. दिवा लावला, विझवला. मग खिशातून टेस्टर काढून दिव्याच्या होल्डरशी धरला. पुन्हा बटण बघितलं. पुन्हा टेस्टर धरला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. दोरीपलीकडे बाबा त्या शेजारच्या माणसाला सांगत होते, "मामा हैं उसके." साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आईकडे. मला वाटलं, माझं काम बघून त्यांना भरून आलं आहे.

ते टेबलाशी गेले आणि सरांना हळू आवाजात म्हणाले, "ये लड़का मेरा भांजा है. इसे मैं नंबर नहीं दे सकता."

पुढचा अर्धा तास मला आठवू नये असं वाटतं. दुसरा परीक्षक नव्हता. नियम सकाळी वाचून झाला होता. सरांनी माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली आणि 'अगले साल' म्हणाले. बाबा दोरीखालून वाकून आत आले. काय झालं हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं आणि न बघण्यासारखंही होतं. ज्या माणसाने जन्मभर नाती जोडली, तो ते जोडलेलं नातं तोडायला लागला. म्हणाले, इतकं काही जवळचं नाही. म्हणाले, हिंगणघाटचं घर माझ्याकडून चुकलं असेल, ते दुसरंच घर असेल. म्हणाले, पोराने उगाच पाया धरले, माणूस वडीलधारा दिसला म्हणून. सर म्हणाले, "बड़े बाबू, पूरा हॉल सुन चुका है." चहावाल्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "हाँ साब, सगे मामा हैं."

मग बाबा आईकडे वळले. साखळी तिच्या बाजूची होती; ती म्हणाली असती की अशी कुणी मावशी मला नाही, तर सगळं तिथेच विरलं असतं. बाबा म्हणाले, "तू सांग न यायले. सांग, आपलं काही नातं नाही."

आई माझ्याकडे बघत होती. मग साहेबांकडे. एकीकडे मुलगा होता आणि दुसरीकडे आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला भाऊ, त्याला मिळून अजून तास झाला नव्हता. ती रडायला लागली. बाबांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही तिघे बाहेर पडलो. माझा दिवा मागे तसाच लागलेला होता. मी तो विझवायचाही विसरलो.

पुढच्या वर्षी संमेलन दुसऱ्याच जिल्ह्यात गेलं, आणि ती कंपनी तिथे आलीच नाही. बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडून आम्ही दोन खोल्यांत गेलो. बसस्टँडजवळ मी मोटारींच्या तारा गुंडाळायचं, पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. चालतं बरं. पण कारखाना तो कारखाना.

मामा मात्र खरोखरचे मामा निघाले. त्याच वर्षी भाऊबीजेला छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने गोंदियाहून आले. हातात साडी होती. आईने पाट मांडला, तिच्या हाताला ओवाळण्याची सवय आकाशाकडे बघून होती, समोर माणूस आल्यावर निरांजन कुठल्या उंचीला धरावं हेच तिला कळेना. तेव्हापासून त्यांनी एक भाऊबीज चुकवली नाही. खरे नातेवाईक नागपूरहून लग्नपत्रिका पाठवायचे, तीही लग्न झाल्यावर पोचायची. हे दरवर्षी यायचे. पण ते यायच्या वेळी बाबा नेमके देवळात निघायचे. जेवायला एकत्र बसावंच लागलं तर त्यांना 'साहेब' म्हणायचे. मेहुणे, भाऊ, यातलं काहीही नाही.

आणि बाबांनी नाती काढणं सोडलं. कुणी सांगितलं नाही, कुणी रागावलं नाही. बाजारात शेजारी कुणी अस्सल वऱ्हाडी हेल काढून भाव करायला लागला तर मी बाबांकडे बघायचो. आता विचारतील, आता विचारतील. ते वांगी निवडत राहायचे. शेवटच्या आजारात त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, एकटे, बोलायला आसुसलेले. त्यांनी बाबांना विचारलं, "कोठचे जी तुम्ही?" बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "यहीं के हैं." मी औषधाचं निमित्त करून बाहेर गेलो आणि जिन्यावर बसून रडलो.

हे सगळं होत असताना मी काय करत होतो? मी बाबांना माफ करत होतो! हे काम मी फार मन लावून केलं. गिऱ्हाईक म्हणायचं, इतका चांगला हात आहे, कंपनीत का नाही गेलास? मी पंख्याचं पातं पुसत, जराशा जड आवाजात सांगायचो की पिताजींकडून अशी अशी चूक झाली, पण माझ्या मनात काही नाही, मी केव्हाच माफ केलं आहे. ऐकणाऱ्याचे डोळे ओलावायचे. माझ्या मोठ्या मनाची गावात बरीच ख्याती झाली. एकदा मी खुद्द बाबांनाच म्हणालो, "बाबा, मी तुमाले दोष देत नाही." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "हौ." एवढंच. मला वाटलं, माझ्या उदारपणाने त्यांचा कंठ दाटला.

बाबांच्या तेराव्याला मामा आले. आता बालाघाटला मोठी लाइन झाली होती, आणि मामा म्हातारे झाले होते. जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघे मागच्या ओट्यावर बसलो होतो. मी सवयीने ते सगळं सांगितलं. की बाबांनी त्या दिवसाचं शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं, माणसांशी बोलणं सोडलं, पण माझ्याकडून मी त्यांना केव्हाच माफ केलं होतं.

मामा माझ्याकडे वळले.

"मनाले लावून घेतलं? काहून?" त्यांनी विचारलं.

"त्यायच्यापायी माझं सर्टिफिकेट गेलं न."

मामांनी चष्मा काढला. मग माझ्याकडे न बघता बोलले, "सुधीर, तुह्या बोर्डाचा दिवा लागत होता, विझतही होता. पण बटणं तू करंटच्या लाल तारेवर घ्यायची ती काळ्या तारेवर घेतली होती. दिवा विझला तरी होल्डरात करंट तसाच उभा. दिवा बदलायले कोणी हात घातला असता तं जागीच गेला असता. तू नापास होता बाबू. साफ नापास."

आतमध्ये आई भांडी आवरत होती.

"तुह्ये बाबा कोट घालून उभे होते," मामा म्हणाले. "ताईने हातावर शिरा ठेवला होता. मी कसा सांगू का पोरगा नापास आहे म्हणून? तो नियम आठवला. मले वाटलं, पोराची लाज राह्यली, बापाची मान राह्यली. भाऊजी मले टाळत, तं वाटे, साहेब म्हणून संकोच करून राह्यले." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "इतके वर्षं येऊन राह्यलो रे मी. त्यायनं एकदा जरी विचारलं असतं."

पण विचारणं तर बाबांनी सोडलं होतं.

ते उठून आत आईजवळ जाऊन बसले. मी ओट्यावर तसाच राहिलो. चूक माझी होती. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास, स्वतःच्या दोन हातांनी, तारा सरळ आणि क्लिपा एका ओळीत ठेवून केलेली. आणि तिचं प्रायश्चित्त एक माणूस मरेपर्यंत घेत राहिला, ज्याने त्या दिवशी फक्त माझ्यासाठी कोट घातला होता. मला त्यांना परत बोलवून सांगावंसं वाटलं की विचारा, बाबा, वाटेल त्याला विचारा, कुठले म्हणून विचारा. ते आता होणार नव्हतं.

जे होण्यासारखं आहे तेवढं मी सुरू केलं आहे. ज्यांना ज्यांना मी बाबांना माफ केल्याचं सांगितलं होतं, त्या प्रत्येकाकडे सायकलने जाऊन खरं काय ते सांगतो आहे. बरेच महिने झाले, अजून अर्धं गावही झालेलं नाही. बालाघाट दिसायला लहान आहे हो, पण माझं मन फारच मोठं होतं!